शिकाऊ उमेदवाराचा शेवटचा दिवस

२० मार्च २०१८, मंगळवार. सकाळी सातच्या सुमारास माटुंगा आणि दादर या स्थानकांदरम्यान तरुणांचे जथे रुळांवर येऊन बसले आणि मध्य रेल्वे थांबली. कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून भरून निघालेल्या लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. लाठीमार झाला, दगड पडले, प्रवासी डब्यांतून उड्या टाकून रुळांच्या कडेने चालत निघाले. गाड्या हलायला साडेदहा वाजले. डोंबिवलीकराच्या लेखी तो दिवस ‘खाडा पडला तो दिवस’ म्हणून राहिला. रुळांवर कोण बसलं होतं आणि का बसलं होतं, हे मात्र दोनचार दिवसांत विसरलं गेलं.

ते अप्रेंटिस होते. आयटीआय झालेले, रेल्वेच्याच कारखान्यांत आणि शेडमध्ये हाताला काळं लावून काम शिकलेले. सरकारने त्यांना शिकवलं होतं, सरकारनेच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलं होतं. रेल्वे त्याच सुमारास गट ‘ड’ च्या सुमारे ६३ हजार जागा भरत होती. त्यांतल्या २० टक्के जागा अप्रेंटिसांसाठी राखीव होत्या, पण त्या जागांसाठीही देशभरच्या स्पर्धेत परीक्षा द्यायची होती. महाव्यवस्थापकांच्या अधिकारात अशा मुलांना थेट घेण्याची जुनी वाट बंद झाली होती. ‘तुम्हीच शिकवलंत, तर तुम्हीच घ्या’ एवढं त्यांचं म्हणणं होतं.

रोज पाऊण कोटी लोकांना वाहून नेणाऱ्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर बसून मागणी करणं समर्थनीय नाही. पण त्या मुलांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो आजही सुटलेला नाही. महाराष्ट्रात रोजगारासाठीच्या सरकारी योजनांची वाण नाही. प्रशिक्षण आहे, विद्यावेतन आहे, मेळावे आहेत, पोर्टल आहे. प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस आणि नोकरीचा पहिला दिवस यांच्या मधला जो काळ असतो, तो मात्र कोणाच्याच जबाबदारीचा नाही. सगळ्या योजना येऊन अडतात त्या याच जागी.

कल्याणचंच पाहा. इथे डिझेल इंजिनांची शेड आहे, विजेवरच्या इंजिनांची शेड आहे. दोन्हीकडे अप्रेंटिस घेतात. मध्य रेल्वेने २०२४ मध्ये परळ, माटुंगा, कुर्ला, कल्याणपासून भुसावळ, नागपूर, सोलापूरपर्यंत मिळून २,४२४ जागा काढल्या. वय १५ ते २४. लेखी परीक्षा नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते. फिटर, वेल्डर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वायरमन असे ट्रेड. वर्षभर काम, महिन्याला सात हजार रुपये विद्यावेतन. कल्याण पूर्वेतल्या किंवा टिटवाळ्यातल्या मुलाला घरापासून दोनचार स्थानकांवर इतकं चांगलं शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही. इंजिनाची मोटर उघडून बांधणं हे यूट्यूबवर शिकता येत नाही.

वर्ष संपतं. परीक्षा होते, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या फाटकावर त्या मुलाचं काहीच काम उरत नाही. ‘शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१’ चं कलम २२ सांगतं की, शिकवलेल्या उमेदवाराला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात एवढीच भर घातली की, अप्रेंटिसांना घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपलं धोरण ठरवावं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात निकाल दिला, की बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं आणि वयात सवलत द्यावी. निकाल चांगला आहे. पण ‘बाकी सगळं सारखं असेल तर’ या पाच शब्दांत सगळं अडकतं, कारण ते सारखं आहे की नाही हे ठरवणारा मालकच असतो.

सगळ्या अप्रेंटिसांना कायम करा, ही मागणी कोणत्याही रेल्वेला पुरी करता येणार नाही. जितक्या जागा रिकाम्या होतात त्याहून जास्त मुलं शिकून बाहेर पडतात, आणि तेच व्हायला हवं. शेडची गरज भागवून उरलेलं कौशल्य बाजारात गेलं पाहिजे. फक्त ते बाजारात न्यायला कोणीतरी पाहिजे. कल्याणच्या शेडमधून निघालेल्या वेल्डरची गरज अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या कोणत्या कारखान्याला आहे, हे सांगणारा माणूस सरकारी यंत्रणेत कुठे बसतो? कागदावर बसतो तो ठाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात. नाव लांबलचक आहे. जुन्या लोकांना ते ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’, किंवा नुसतं ‘एक्स्चेंज’ म्हणूनच माहीत आहे.

आज साठीच्या घरात असलेल्या ठाणे-कल्याणच्या कोणाही माणसाला विचारलं तर तो सांगेल, की दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ एक्स्चेंजला नाव घालायचं हा घरोघरचा रिवाज होता. कार्ड मिळायचं. ते ठरावीक मुदतीत रिन्यू करायचं, विसरलात तर ज्येष्ठता गेली. मग ‘कॉल’ ची वाट पाहायची. पोस्टमन पोस्टकार्ड घेऊन आला की अख्खी चाळ विचारायची, कुठून आला, कुठून आला. अनेकांना कॉल आले, नोकऱ्याही लागल्या. वीज मंडळ, एसटी, महापालिका, शाळा यांत त्या पिढीतले कितीतरी लोक याच वाटेने शिरले. आणि अनेकांची कार्डं ट्रंकेत पिवळी पडली.

या कचेऱ्यांचा जन्म ज्या गरजेतून झाला तिचं या परिसराशी फार जवळचं नातं आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी त्या काढल्या गेल्या. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि निर्वासितांना काम मिळवून देण्याची जबाबदारी याच यंत्रणेवर आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत तेव्हा सिंधमधून आलेली माणसं येऊन पडली होती. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. १९४८ पासून एक्स्चेंज सर्वांना खुली झाली, १९५६ मध्ये ती राज्यांकडे आली. म्हणजे सुरुवात झाली ती एका स्पष्ट कामासाठी: समोर इतकी माणसं आहेत, त्यांना कामावर लावायचं आहे. नाव नोंदवून ठेवणं हा त्या कामाचा पहिला टप्पा होता. पुढे तोच शेवटचा झाला.

इंग्लंडमध्ये १ फेब्रुवारी १९१० रोजी पहिल्या सरकारी लेबर एक्स्चेंज उघडल्या. त्यामागे विल्यम बेव्हरिज यांचा विचार साधा होता: मजुराने कामासाठी फाटका-फाटकावर पायपीट करू नये, काम कुठे आहे हे शोधण्याची मेहनत कचेरीने करावी. आपल्याकडच्या १९५९ च्या कायद्यानेही मालकांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवण्याची सक्ती केली. सरकारी आस्थापना सगळ्या, खासगी असतील तर २५ किंवा जास्त कामगारांच्या. पण त्याच कायद्यात हेही लिहिलं, की जागा कळवली म्हणून एक्स्चेंजमधूनच माणूस घ्यायला हवा असं नाही. आणि जागा कळवलीच नाही तर दंड? पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत, पुढे हजारापर्यंत. १९५९ मध्ये पाचशे रुपये मोठी रक्कम होती. पुढची साठ वर्षं ती तेवढीच राहिली आणि वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंतच्या मालकांना एक्स्चेंज हे फॉर्म भरून पाठवायचं एक ठिकाण वाटू लागलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा कायदा पोटात घेतला, एक्स्चेंजला ‘करिअर सेंटर’ हे नाव दिलं. सक्ती नसल्याची तरतूद तिथेही आहे.

मधल्या काळात ही पोकळी दुसऱ्यांनी भरली. १९७० च्या दशकात शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांमध्ये जे केलं त्याचं राजकारण कोणाला पटो न पटो, कामाची पद्धत अभ्यासण्यासारखी होती. कुठे भरती निघाली ते मुलांपर्यंत पोचवायचं, अर्ज भरून घ्यायचे, परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करून घ्यायची, आणि निकाल लागेपर्यंत पाठीशी राहायचं. ठाणे-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत पहिला कायम पगार त्यातून आला. सरकारी कचेरीने करावं असं हे नेमकं काम होतं. ते एका संघटनेने केलं आणि स्वाभाविकच आपल्या माणसांपुरतं केलं.

आता ठाण्यातून निघालेल्या सगळ्यात मोठ्या योजनेकडे वळू. ठाण्याचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना, जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ जाहीर झाली आणि ९ जुलैला शासन निर्णय निघाला. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिन्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार, तेही थेट खात्यात. दहा लाख तरुणांचं उद्दिष्ट, ५,५०० कोटींची तरतूद. मुदत सहा महिने; २०२५ मध्ये ती अकरा केली.

या योजनेची टिंगल करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या आयटीआयच्या मुलाला २०२३ पर्यंत महिन्याला चाळीस रुपये विद्यावेतन मिळत होतं (तेव्हा ते पाचशे झालं), त्याला आठ हजार देणारी योजना क्षुल्लक नाही. पहिल्यांदा हातात पैसे आले, पहिल्यांदा ऑफिसात टेबल मिळालं, पहिल्यांदा कोणीतरी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणालं. कॉलेजातून निघून दोन वर्षं घरी बसलेल्या मुलीच्या दृष्टीने याचं मोल मोठं आहे.

पण अनेक जण गेले ते सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, पंचायतींत. तिथे त्यांनी काम केलं, बऱ्याच ठिकाणी रिकाम्या पदांवरचंच काम केलं, आणि अकराव्या महिन्यानंतर घरी आले. शासन निर्णयात कायम नोकरीचा शब्द नव्हता, तरी आशा लागणारच. राज्यभर मोर्चे निघाले, आझाद मैदानात आंदोलन झालं. घोषणा जवळजवळ त्याच होत्या ज्या २०१८ मध्ये माटुंग्याच्या रुळांवर दिल्या गेल्या होत्या. फरक इतकाच, की रेल्वेच्या अप्रेंटिसकडे निदान हातात मोटर बांधण्याचं कसब होतं. नगरपालिकेच्या आवक-जावक विभागात अकरा महिने काढलेल्या पदवीधराने भिवंडीच्या गोदामाच्या व्यवस्थापकाला काय दाखवायचं?

केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा अनुभव याच्या उलट बाजूने बोलका आहे. मोठमोठ्या कंपन्या, महिन्याला पाच हजार, बारा महिने, वय २१ ते २४. पहिल्या फेरीत ८२ हजारांवर प्रस्ताव उमेदवारांना गेले. स्वीकारले सुमारे २८ हजारांनी, आणि प्रत्यक्ष रुजू झाले त्याहून खूपच कमी. पाच हजारांत परक्या गावात खोली, डबा आणि प्रवास कसा भागवायचा, हा हिशेब मुलांनी घरी बसून केला आणि ते गेले नाहीत. अंबरनाथहून तळोज्याला रोज जाण्यात किती वेळ आणि किती रिक्षाभाडं जातं, हे ज्याने केलंय त्याला तो हिशेब लगेच कळेल.

मेळाव्यांचंही तेच. मार्च २०२४ मध्ये ठाण्यात ‘नमो महारोजगार मेळावा’ भरला. त्याआधी नागपूर, लातूर, नगर, बारामती झालं होतं. असे मेळावे वाईट नसतात. एका दिवसात दहा मुलाखती देता येणं हा संकोची मुलांसाठी चांगला सराव असतो. मेळाव्यानंतर किती कंपन्या आल्या, किती उमेदवार आले, किती जणांना पत्रं दिली, हे आकडे पत्रकात येतात. ज्यांना पत्रं मिळाली त्यांतले किती जण कामावर गेले, सहा महिन्यांनी किती उरले, पगार काय होता, ठेकेदाराकडे होते की कंपनीच्या पटावर, हे कधी छापून येत नाही. आणि खरं यश किंवा अपयश मोजायचं ते तिथेच.

याहून मोठी चूक वयाची आहे. अप्रेंटिस २४ पर्यंत, इंटर्नशिप २४ पर्यंत, युवा प्रशिक्षण ३५ पर्यंत. त्यापुढच्या माणसाचं काय? हा प्रश्न कल्याणला विचारायची गरज पडू नये, कारण कल्याणने त्याचं उत्तर भोगलंय. आंबिवली-मोहोनेची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, नोव्हेंबर २००९ मध्ये बंद झाली. हजारो कामगार, त्यांची वसाहत, शाळा, बाजार, सगळं त्या एका भोंग्यावर चालत होतं. थकलेल्या देण्यांसाठी कामगार दहा वर्षांहून अधिक काळ झगडत राहिले. पंचेचाळिशीतल्या, वीस वर्षं एकाच खात्यात मशीन चालवलेल्या माणसाला एखादं नवं काम शिकवून दुसऱ्या कारखान्यात नेऊन बसवणारी योजना तेव्हा नव्हती, आज पंधरा-सोळा वर्षांनीही नाही. कोणी रिक्षा घेतली, कोणी वॉचमन झालं. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो मोटारी बनायच्या. आज त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना टॉवरच टॉवर दिसतात. ठाण्याची रेमंड मिल गेली, तिथेही इमारती उठल्या. प्रत्येक वेळी जमिनीचं काय होणार यावर भरपूर चर्चा झाली. माणसांचं काय होणार, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलं गेलं.

हे पुन्हा होणार आहे, म्हणून हे बोलायला हवं. २०१६ चा प्रोबेस कंपनीतला स्फोट आणि २३ मे २०२४ चा अमुदान कंपनीतला स्फोट यांनंतर डोंबिवलीतले धोकादायक रासायनिक कारखाने हलवा ही मागणी रास्त आहे. ते पाताळगंगेकडे नेण्याची घोषणा सरकारने २०२२ मध्येच केली होती. कारखाने गेलेच पाहिजेत, माणसं मरता कामा नयेत. पण त्यांत काम करणारे रिअॅक्टर ऑपरेटर, फिटर, पॅकिंगच्या बायका, हमाल, हे रोज पाताळगंगेला जाणार आहेत का? हलवण्याच्या आराखड्यात या माणसांची यादी, त्यांचं वय, त्यांना येत असलेलं काम आणि पुढे शिकता येईल असं काम, याचं एक पान तरी असायला हवं.

पैसे कुठून आणायचे, असं कोणी म्हणेल. डोंबिवलीच्या नोकरदाराने आपली पगारस्लिप उघडून पाहावी. व्यवसाय कर: महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ती योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, इतका सरळ आणि उदात्त तो करार होता. चाळीत राहून लोकलला लटकणाऱ्या माणसांनी तो जवळजवळ पन्नास वर्षं निमूट पाळला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेने पुढे देशाच्या कायद्याला वाट दाखवली. त्याच करातला काही हिस्सा शहरातल्या बेकाराला काम शिकवून जागेवर पोचवण्यासाठी बाजूला काढला तर कराराचा मान वाढेल. केरळने २०१० मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली. हमीची कल्पना ज्या राज्यात जन्मली त्याने अजून शहराकडे पाहिलेलं नाही.

एखाद्या शहराने हे करणं शक्य आहे का? ठाण्याच्याच एका संस्थेचं उदाहरण घेता येईल. १९८७ मध्ये ठाणे महापालिकेने स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था काढली. आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले रायगडचे सी. डी. देशमुख यांचं नाव तिला दिलं. गटारं आणि पाणी पाहणाऱ्या एका महापालिकेने असा उद्योग करायची गरज नव्हती, तरी केला. आणि आपल्या शहरातून किती मुलं सनदी सेवेत गेली हे ती मोजते, निकालाच्या दिवशी नावं सांगते. हा मोजण्याचा संस्कार फिटर आणि नर्सिंग असिस्टंटच्या वाट्याला का येऊ नये? सुमारे साडेबारा लाख लोकसंख्या २०११ लाच असलेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्टेशनजवळच्या एका खोलीत दोन माणसं बसवली, त्यांना कचेरीतून उठवून अंबरनाथ, बदलापूर, भिवंडी, वागळे इस्टेटच्या मालकांकडे पाठवलं, आणि अप्रेंटिसचं वर्ष संपायच्या तीन महिने आधीपासून प्रत्येक मुलाचं नाव एकेका मालकासमोर ठेवलं, तर त्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

आणि निदान एक गोष्ट तर उद्यापासून करता येण्यासारखी आहे. ठाण्यात पुढचा रोजगार मेळावा भरेल तेव्हा मंडपाच्या दाराशी, स्वागताच्या कमानीशेजारी, एक फळा ठेवावा. मागच्या मेळाव्यात नियुक्तिपत्रं किती जणांना दिली, त्यांतले आज कामावर किती, आणि सरासरी पगार किती. तीनच ओळी, खडूने लिहिल्या तरी चालतील, आणि त्याखाली ज्या अधिकाऱ्याने फोन करून हे विचारलं त्याची सही.